थंड शेवंड

नागपूरकराकडे संत्री घेऊन जाऊ नयेत आणि दासगावकराकडे मासे. यात अपमानाचा भाग थोडा आणि वेळ वाया जाण्याचा जास्त. तरीही आमचे भाचेजावई गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या शनिवारी नवी मुंबईहून आमच्याकडे मासे घेऊन आले. थर्मोकोलचा हा एवढा खोका, त्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी आणि वर लाल अक्षरांत 'सांभाळून'. गाडीतून भाची उतरायच्या आधी खोका उतरला, त्यावरून आत काहीतरी मानाचं आहे हे मी ओळखलं.

"मामा, ओळखा काय आणलंय."

मी 34 वर्षं शाळेत शिकवलेलं असल्यामुळे ओळखायचं काम नेहमी दुसऱ्याकडे देतो. "तुम्हीच सांगा," म्हटलं.

"लॉब्स्टर! शेवंड! एक नाही, तीन! आणि किती रुपयांना पडली ठाऊक आहे?"

ठाऊक नव्हतं, पण ते कळल्याशिवाय पाणीसुद्धा मिळणार नाही हे दिसत होतं. त्यांच्या सोसायटीसमोर एक स्वस्तातलं सुपरमार्केट आहे. तिथे मोठ्या बर्फपेटीत या शेवंडी ओळीने निजलेल्या असतात. एकीची किंमत 700 रुपये होती. ती खोडून खाली 450 लिहिलेली. हे खोडणं फार महत्त्वाचं. नुसते 450 लिहिले असते तर जावईबापूंनी पेटीचं झाकणही उघडलं नसतं. 700 खोडलेले पाहिले आणि आपण दर शेवंडीमागे अडीचशे रुपये कमावले असा त्यांचा ठाम समज झाला. अशा तीन घेऊन त्यांनी साडेसातशे रुपये कमावले. ते कमावण्यासाठी खिशातून 1,350 गेले, ही गोष्ट वेगळी.

आता दासगाव म्हणजे काही समुद्रावरचं गाव नव्हे, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर रत्नागिरीकडचे वाचक मला पकडतील. आमची सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, महाडावरून येते आणि बाणकोट-हरिहरेश्वराजवळ समुद्राला मिळते. आम्ही तिच्या खाडीच्या काठावर. भरती आमच्या दारापर्यंत येते, पण समुद्र स्वतः येत नाही. तो निरोप पाठवतो. या निरोपातून आम्हाला जिताडा, बोय, शिंगाळा, कोळंबी आणि चिंबोऱ्या मिळतात. शेवंड ही खडकातली बाई. ती तिकडे खाली, श्रीवर्धन-हरिहरेश्वराच्या कातळांत राहते. आमच्याकडे ती येत असे ती पाहुणी म्हणून, वर्षा-दोन वर्षांतून एकदा, बोटीवरच्या कोणाच्या तरी ओळखीने, ओल्या गोणपाटात आणि जिवंत.

कारण दासगाव हे एके काळी चांगलं वाहतं बंदर होतं. 1927 च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीने आले ते याच बंदरात उतरले आणि इथून पाच मैलांवरच्या महाडला गेले. ज्या गावाने असा इतिहास धक्क्यावर उतरताना पाहिला, त्या गावात आता शेवंड हमरस्त्याने, खोक्यातून आणि चिकटपट्टी लावून येते. काळाचा महिमा, दुसरं काय!

आणि हा हमरस्ताही मुंबई-गोवा. त्याचं रुंदीकरण 2011 साली सुरू झालं, एवढं सांगितलं की पुढचं वाचकांना समजतं. जावईबापू सकाळी सहाला निघाले होते. दासगावची खिंड दिसायला दुपारचा एक वाजला. तोवर खोक्यातल्या बर्फाचं पाणी झालेलं. शेवंडींची अवस्था 'गोठलेल्या' आणि 'ओल्या' यांच्या मधली कुठेतरी होती. त्यांच्या अंगावरचा बर्फ सुटला होता आणि पोटातला सुटला नव्हता. "आता या नीट सुटायच्या कशा?" असं भाचीने विचारलं, तेव्हा आमच्या हिने खाडीपलीकडे बोट दाखवलं. "सवला गरम पाण्याचे झरे आहेत. होडीने नेऊन बुचकळून आणा."

ही विनोद करते तेव्हा चेहरा हलत नाही. जावईबापू खरंच होडीची चौकशी करू लागले.

बेत असा होता की, एक शेवंड त्या दिवशी, एक रविवारी आणि एक आम्हा दोघांसाठी मागे ठेवायची. "फ्रीजरमध्ये टाकून द्या मामी, सहा महिने काही होत नाही." एकदा सुटलेला मासा पुन्हा गोठवू नये, एवढं हिला ठाऊक होतं, पण जावयापुढे बोलायचं कसं? शेवटी आमच्या मदतीला निसर्ग धावून आला. चार वाजता पहिला वळीव कोसळला आणि सव्वाचारला वीज गेली. जूनमध्ये कोकणात ढग आणि वीज यांचं सासू-सुनेसारखं असतं; एक घरात आली की दुसरी बाहेर. ती काही सकाळशिवाय येत नाही, हे आम्हाला अनुभवाने माहीत. तेव्हा तिन्ही शेवंडींचा एकाच रात्री, मेणबत्तीच्या उजेडात निकाल लावायचं ठरलं.

इथे विनोद बाजूला ठेवून एक सांगतो. 2021 च्या जुलैत महाडला पूर आला, वीज कितीतरी दिवस नव्हती. पाणी ओसरल्यावर लोकांनी घराघरांतून चिखलाने भरलेले फ्रीज रस्त्यावर काढून ठेवले होते. ते ज्यांनी पाहिले, त्यांचा 'सहा महिने काही होत नाही' या वाक्यावर विश्वास बसत नाही. 'फ्रीजरमध्ये आहे' याचा अर्थ आमच्याकडे 'वीज असेल तोवर आहे' एवढाच. उणे 18 अंशांवर मासा टिकतो हे शास्त्र खरं; पण उणे 18 अंशांना टिकवण्याचं शास्त्र अजून दासगावपर्यंत यायचंय.

असो. पाकिटं फोडली. पाकिटावरच्या चित्रात एका लालभडक शेवंडीला दोन दणदणीत नांग्या होत्या, पैलवानाने दंड फुगवावेत तशा. आत निघालेल्या शेवंडीला नांगीच नव्हती. "नांग्या काढून घेतल्या वाटतं!" जावईबापू संतापले. "ग्राहक मंचाकडे जातो!" त्यांना समजावलं की नांग्यांची ती जात अटलांटिक महासागरातली, आपल्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या शेवंडीला मुळात नांग्या नसतात, लांब मिशा असतात. चित्र एका खंडातलं आणि माल दुसऱ्या. वधूवर सूचक मंडळात फोटो धाकट्या बहिणीचा दाखवावा तसा हा प्रकार. बोलणी मोडण्याचं कारण, पण कायद्याचं कलम सापडणं कठीण.

पाकिटावर वजन 250 ग्रॅम. आमच्या हिने स्वयंपाकघरातला काटा काढला. (हिचा काटा आमच्या घरातली सर्वोच्च न्यायव्यवस्था आहे.) बर्फ निथळून शेवंड भरली 215. मग डोकं वेगळं केलं. ते आतून काळं पडलेलं होतं, म्हणून टाकलं. कवच काढलं, पाय काढले. हातात राहिलं ते 70 ग्रॅम मांस. तिन्हींचं मिळून 210. मी गणिताचा मास्तर नव्हतो, पण मराठीच्या मास्तरालाही एवढा भागाकार येतो: 1,350 रुपयांत 210 ग्रॅम, म्हणजे किलोला 6,400 रुपयांच्या वर! स्वस्तातली शेवंड! या भावात नवी मुंबईतल्या एखाद्या झगमगीत हॉटेलात बसून, वाढप्याला 'थँक यू' म्हणून, मागाहून बडीशेप खाऊन आलो असतो.

आता कोणी म्हणेल, कवच काय ताज्या शेवंडीला नसतं? असतं. हा दोष शेवंडीचा, थंडीचा नव्हे; कबूल. पण ताजी आणली की तिचं काहीच वाया जात नाही. डोक्याचा रस्सा होतो, पाय चोखत घरातली पोरं अर्धा तास गप्प बसतात (याची किंमत वेगळी धरा), आणि कवच उकळलेल्या पाण्यात दुसऱ्या दिवशीची आमटी होते. गोठवलेल्या स्वस्त शेवंडीत तुम्ही पैसे देता अख्खीचे आणि खाता शेपटी.

रात्री कालवण झालं. आलं-लसूण, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप, आमसूल. हिने काही कमी केलं नाही. पण उकळताना मी भांड्यात डोकावलो आणि समजायचं ते समजलो. जिवंत शेवंड शिजवली की तिची शेपटी स्प्रिंगसारखी आत वळते. या तिघींच्या शेपट्या सरळच्या सरळ, बाकावर पाय ताणून झोपलेल्या प्रवाशांसारख्या. शेवंड मेली की तिच्या पोटातले रस तिचंच मांस विरघळवायला लागतात. म्हणून ती एकतर जिवंत शिजवायची, नाहीतर मरताक्षणी गोठवायची. या तिघी मेल्यावर किती वेळ कुठल्या टोपलीत पडून होत्या आणि मग त्यांना थंडी लाभली, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पाकिटावर शेवटची तारीख होती, पहिली नव्हती. गोठवल्याची तारीख निराळी आणि मेल्याची निराळी. माणसाच्या दाखल्यावर मृत्यूची वेळ घालतात, शेवंडीच्या कोण घालणार?

पानावर बसल्यावर पहिला घास खाऊन प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहिलं. मांस बाहेरून चिवट आणि आतून भुसभुशीत. हे दोन्ही एकाच वेळी साधणं सोपं नाही. भाची म्हणाली, "छान आहे." जावईबापू म्हणाले, "वा!" मी म्हणालो, "वा वा!" जावयाने आणलेल्या वस्तूला नावं ठेवायची आमच्यात पद्धत नाही. आमच्या आईचं वय 88, दात तिचे नव्हेत पण मतं अजून स्वतःची. तिने दोन घास खाल्ले, बराच वेळ चावलं आणि सुनेला म्हणाली, "कालवण फक्कड झालंय गो. आतलं तेवढं काढ नि रस्सा वाढ."

त्या वाक्यानंतर जावईबापू गप्प बसले असते तर हा लेख झाला नसता. पण ते संगणकातले गृहस्थ. हरले की मुद्दे काढतात. मेणबत्ती अर्धी जळेपर्यंत आमचं जे जुंपलं त्याचा सारांश देतो.

त्यांचा पहिला मुद्दा: "मामा, तुम्ही ज्याला ताजं म्हणता ते ताजं नसतंच. बोट आठ-आठ दिवस समुद्रात असते, मासा बर्फात लोळतो, मग बाजारात धूळ खातो. त्यापेक्षा लगेच गोठवलेला बरा."

हा मुद्दा खरा आहे आणि खरा मुद्दा मान्य करायला मी जावयाला घाबरत नाही. बोटीवर किंवा धक्क्यावर तासाभरात नीट गोठवलेली कोळंबी ही चार दिवस बर्फाच्या पाण्यात पोहलेल्या 'ताज्या' कोळंबीपेक्षा शंभर पटीने चांगली. पुण्याच्या, नागपूरच्या माणसाने ती जरूर घ्यावी. माझं भांडण थंडीशी नाहीच. माझं भांडण 'स्वस्त' आणि 'शेवंड' या दोन शब्दांच्या लग्नाशी आहे. कोळंबी गोठवणीत बरीचशी सुखरूप राहते. शेवंडीचं मांस नाजूक, ते हलगर्जीपणा सोसत नाही. नीट गोठवायची तर जिवंत धरावी लागते, जपून आणावी लागते, आणि त्याला खर्च येतो. तो खर्च केलेली शेवंड 450 रुपयांत मिळणार नाही. आणि 450 रुपयांत मिळाली, तर तो खर्च केलेला नाही. यात अर्थशास्त्र नाही, नुसती बेरीज आहे.

दुसरा मुद्दा: "श्रीमंतांनी खायची गोष्ट आज मध्यमवर्गाला परवडते. ही लोकशाही आहे, मामा!" त्यांची बहीण इंग्लंडात असते. तिथेही गेल्या दहा-पंधरा वर्षांत स्वस्तातल्या दुकानांनी नाताळच्या सुमारास कॅनडाची अख्खी गोठवलेली शेवंड पाच-सहा पौंडांना विकायला सुरुवात केली, लोकांच्या उड्या पडल्या, वगैरे.

पडल्या असतील. पण गंमत बघा. हीच नांग्यांची शेवंड अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर एके काळी इतकी मुबलक होती की ते गरिबाचं खाणं समजत. प्रतिष्ठित माणूस ती पाहुण्याला वाढायला लाजत असे. मग आगगाड्या आल्या, शहरातले लोक आले, ती कमी होत गेली, महाग झाली आणि महाग झाल्याबरोबर चवदार लागायला लागली! म्हणजे आपण खातो ते मांस नव्हे, भाव खातो. श्रीमंत माणूस शेवंडीचे दोन हजार मोजतो ते मांसाला आणि मानाला मिळून. आपण 450 मोजतो तेव्हा मांस गाळून नुसता मान घेतो, तोही वितळलेला. एरवी पाच रुपयांच्या कोथिंबिरीची काडी न् काडी तपासणारे आपण. पण पाकिटावर 'लॉब्स्टर' लिहिलं की चष्मा काढून ठेवतो. सोमवारी ऑफिसात "काल आमच्याकडे लॉब्स्टर होतं" हे वाक्य म्हणता यावं, यासाठी हा सगळा खटाटोप. हे वाक्य मला दहा रुपयांत म्हणून दाखवता येईल. खोटं बोलायला फ्रीजर लागत नाही.

तिसरा मुद्दा: "मग जून-जुलैत खायचं काय? मासेमारी तर बंद!"

खरं आहे. आपल्या राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते. पण ही बंदी का असते? समुद्र खवळलेला असतो हे एक, आणि पुष्कळ माशांची अंडी घालायची वेळ असते हे दुसरं. माशाच्या बाळंतपणाची रजा आहे ही. आणि कोकणातल्या माणसाने या दोन महिन्यांची सोय फ्रीजरच्या आधी हजार वर्षं करून ठेवली आहे. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर, अंगणात जे वाळत पडलेलं असतं, तो काय केर आहे? सुकट, सोडे, बोंबील, वाकट्या! वांग्यात चार सोडे टाकले की शेजारच्या शाकाहारी घरातलं माणूससुद्धा खिडकीत येऊन उगाच "पाऊस काय म्हणतोय?" विचारतं. याला वीज लागत नाही, खोका लागत नाही, डब्याला घट्ट झाकण लागतं आणि शेजाऱ्यांचा स्वभाव चांगला लागतो.

इथे जावईबापूंनी शेवटचा हुकमाचा पत्ता टाकला. "पाकिटात स्वच्छता असते, मामा. वजन छापलेलं, भाव छापलेला, घासाघीस नाही. नाक्यावरच्या मासेवाल्या बायका काय, मनाला येईल तो भाव सांगतात!"

याचं उत्तर रात्री मला सुचलं नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या पायांनी चालत आलं.

आमच्याकडे एक मासेवाली येते. वय सत्तरीच्या पुढे. तिला सगळा गाव आत्या म्हणतो. बंदीच्या दिवसांतही खाडीतल्या बिनयंत्राच्या होडक्यांना मोकळीक असते, त्यामुळे तिच्या टोपलीत काही ना काही असतं. रविवारी सकाळी ती ओट्यावर टेकली. मी टोपलीवरचं फडकं उचलायला गेलो, तर तिने हातावर चापट मारली.

"आज नको गुरुजी. बोय आहे, पन कालची. परवा ये म्हनावं वहिनीला, भरती चांगली आहे."

जावईबापू चहाचा कप हातात घेऊन बघत होते. मी त्यांना म्हटलं, "ऐकलंत? हे तुमच्या पाकिटावर कुठे छापलंय का?"

हाच माझा मुद्दा आहे, वाचकहो, आणि बाकीचं सगळं त्याचं वाटप. पाकिटावर वजन असतं, भाव असतो, तारीख असते, कारखान्याचा पत्ता असतो. पण "आज मला घेऊ नका" असं कुठलंच पाकीट कधी म्हणत नाही. आत्या भाव चढवून सांगते हे खरं. घासाघीस करताना तिने माझ्या पगाराचा, पेन्शनचा आणि एकदा तर आमच्या लग्नाचासुद्धा उद्धार केलेला आहे. पण तिला पुन्हा परवा याच ओट्यावर बसायचं असतं, म्हणून ती कालचा मासा आज मला देत नाही. दिलाच तर परवा आमची ही तिला काय म्हणेल हे तिला पाठ आहे. सुपरमार्केटातल्या बर्फपेटीला हिची भीती नाही. 700 खोडून 450 लिहिणाऱ्याला आपण आयुष्यात भेटणार नाही. म्हणूनच तो इतक्या मोकळ्या मनाने खोडतो.

आत्याने ओट्याच्या कोपऱ्यातली रिकामी कवचं पाहिली. उचलून एक तळहातावर धरलं. "ही कुठनं आनली?"

"मुंबईहून," जावईबापू म्हणाले. अजून थोडा अभिमान शिल्लक होता.

"पोर आहे रे ही," आत्या म्हणाली. "हिची काय वाढ झाली होती काय?"

एवढंच. पण मला ते लागलं. आपल्याकडे 2003 साली केंद्र सरकारने निर्यातीच्या शेवंडीला किमान वजन ठरवून दिलं. आपल्या किनाऱ्यावर नेहमी सापडणारी जी जात, ती 300 ग्रॅमच्या आत असेल तर परदेशी पाठवता येत नाही. दुसऱ्या जातींना वेगळी मापं आहेत. आमच्या पाकिटावर नुसतं 'लॉब्स्टर' लिहिलेलं, जात-गोत काही नाही. त्यामुळे ती निर्यातीच्या मापात बसली असती की नाही ते सांगता येणार नाही. पण प्रश्न असा पडतो की, परक्याच्या ताटासाठी वजनाचा नियम करावा लागला, आणि आपल्या ताटात मात्र जे येईल ते 'ऑफर' म्हणून गोड मानायचं? शेवंडीची मादी अंडी पोटाखाली चिकटवून मिरवते; ती वाढायच्या आधीच उचलली, की अंडीही गेली आणि पुढची शेवंडही. मुंबईसमोरच्या समुद्रात चपट्या शेवंडीची एक जात चांगली मुबलक सापडायची. यांत्रिक बोटींनी ती एवढी ओरबाडली की 1994 पर्यंत ती तिथून जवळजवळ दिसेनाशी झाली. कोणी एकाने ती खाऊन संपवली नाही. स्वस्त मिळतेय म्हणून प्रत्येकाने थोडी थोडी संपवली.

म्हणून जिची वाढ व्हायची आहे अशी शेवंड स्वस्त असते तेव्हा ती स्वस्त नसते; तिचे उरलेले पैसे आपले नातू भरणार असतात. त्यांना कोणी खोडलेली किंमत दाखवणार नाही.

तेव्हा विचारणाऱ्याला माझा सल्ला सरळ आहे: स्वस्तातली गोठवलेली शेवंड घेऊ नका. तेवढ्याच पैशांत नीट गोठवलेली चांगली कोळंबी घ्या, घरातली सहा माणसं जेवतील. शेवंडच खायची हौस असेल तर चार वर्षं पैसे साठवा, हिवाळ्यात हरिहरेश्वराकडे या, ओळख काढा, मिशा हलवणारी चांगली मोठी एकच घ्या आणि पोटाखाली अंडी दिसली तर नाही म्हणा. एवढं सांगूनही घ्यायचीच असेल, तर बर्फाच्या वजनाला भुलू नका, निव्वळ वजन वाचा; पाकिटात आतून बर्फाचे खडे धरलेले दिसले तर ती एकदा वितळून पुन्हा गोठलेली असण्याचा संभव आहे, ठेवून द्या; आणि घरी रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सावकाश सुटू द्या. मात्र हे सगळं करून शेवटी खायला 70 ग्रॅमच मिळणार, हे घरच्यांना आधी सांगा. मागाहून भांडणं नकोत.

जावईबापू तिसऱ्या दिवशी निघाले. त्यांना पटलं का? तोंडाने काही बोलले नाहीत. पण गाडीत बसताना आमच्या हिने दिलेला सोड्यांचा डबा त्यांनी मागच्या सीटवर न ठेवता मांडीवर घेतला. भाची म्हणाली, "अहो, वास येईल." ते म्हणाले, "येऊ दे." पनवेलपर्यंत डबा मांडीवरच होता, असं तिचा फोन आला तेव्हा कळलं. संसारात हार अशीच कबूल करायची असते.

राहता राहिला तो थर्मोकोलचा खोका. तो ओट्यावर दोन दिवस पडून होता. मंगळवारी आत्या आली, वचन दिल्याप्रमाणे ताजी फडफडीत बोय घेऊन. टोपली उतरवली आणि खोका सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला, झाकण लावून पाहिलं, टकटक वाजवून पाहिलं.

"गुरुजी, तुमच्या पाव्हन्याची शेवंड कशी होती ते सांगू नका," ती म्हणाली. "पन खोका झकास आहे. लागनार नसेल तर नेऊ काय?"

दिला. तेव्हापासून आत्याची बोय त्यात बर्फ घालून येते आणि बारा वाजेपर्यंत ताठ असते. 1,350 रुपयांत एक तरी वस्तू चांगली मिळाली, याचं मला समाधान आहे. फक्त आत्याने त्या दिवशी बोयच्या भावात त्या खोक्याचा एक पैसाही वळता केला नाही, हे आमची ही अजून विसरलेली नाही.